कर्बेरॉसच्या मुख्य सर्व्हरवरचे बदल दुय्यम सर्व्हरवर कसे पोहोचवायचे

मुख्य कार्यालय शिवाजीनगरला, दुसरं हिंजवडीला आणि कार्यशाळा भोसरीला, अशी मांडणी असलेल्या संस्था पुण्यात कमी नाहीत. लॉगिन तपासणारा सर्व्हर मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि तो शिवाजीनगरला असतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि यूपीएसने मान टाकली, की तिन्ही ठिकाणी मेल, फायली, प्रिंटर सगळं ठप्प. हिंजवडीची मशीन चालू असतात, इंटरनेटही असतं, पण पासवर्ड तपासणारं कोणीच नसतं.

यावर इलाज म्हणजे हिंजवडीला आणि भोसरीला एकेक दुय्यम सर्व्हर बसवायचा आणि मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल तिथे आपोआप जाईल असं करायचं. नवं खातं, बदललेला पासवर्ड, बंद केलेलं खातं, सगळंच. कर्बेरॉस म्हणजे पासवर्ड तपासून वापरणाऱ्याला ठरावीक मुदतीचं 'तिकीट', म्हणजे ओळखीचा डिजिटल दाखला, देणारी व्यवस्था. पुढच्या पायऱ्या लिनक्सवरच्या एमआयटी कर्बेरॉस ५ साठी आहेत. तुमच्याकडे फ्रीआयपीए किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर हे करू नका, त्यांची प्रतींची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे.

आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची. स्पेलिंगची शंका आली तर त्या मशीनवरचं मॅन पान उघडून बघा. तिकिटं देणाऱ्या सर्व्हरला केडीसी म्हणतात. उदाहरणात अशी तीन मशीन धरली आहेत: केडीसी१ शिवाजीनगरला, केडीसी२ हिंजवडीला आणि केडीसी३ भोसरीला. डोमेन नमुना.इन, आणि रेल्मचं (एका कर्बेरॉस व्यवस्थेखालच्या क्षेत्राचं) नाव तेच, पण कॅपिटल अक्षरांत. रेल्मच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, तेव्हा सगळीकडे एकसारखंच लिहा.

कुठल्या मशीनवर काय चालतं

मुख्य सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात. केआरबी५केडीसी तिकिटं देतो. तो पोर्ट ८८ वर असतो, यूडीपी आणि टीसीपी दोन्हीवर. केॲडमिनडी बदल स्वीकारतो; खाती सांभाळायला पोर्ट ७४९ आणि पासवर्ड बदलायला ४६४. दुय्यम सर्व्हरवर तिकिटं देणारा प्रोग्रॅम तोच, पण केॲडमिनडीऐवजी तिथे केप्रॉपडी असतो आणि तो पोर्ट ७५४ वर मुख्य सर्व्हरकडून प्रत यायची वाट बघतो.

बदलांची वाट एकेरी आहे, शिवाजीनगरकडून बाहेर. हिंजवडीच्या माणसाने पासवर्ड बदलला तरी ती विनंती शिवाजीनगरच्या केॲडमिनडीकडेच जाते आणि तिथून प्रत होऊन हिंजवडीला परत येते. म्हणून मुख्य सर्व्हर बंद असताना लोक लॉगिन करू शकतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. हे वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

दुय्यम सर्व्हरवर रूट म्हणून केॲडमिन.लोकल चालवलं तर ते चालतं आणि बदलही करू देतं. तिथे फक्त बघा, काही बदलू नका. त्या बदलाची मुख्य सर्व्हरला खबर लागत नाही आणि पुढची पूर्ण प्रत आली की तो पुसला जातो. हिंजवडीला घाईघाईत बनवलेलं खातं दुसऱ्या दिवशी गायब होतं ते यामुळेच.

प्रती पोहोचवायच्या रीती दोन. एक, ठरलेल्या वेळेला अख्खा डेटाबेस पाठवणं. दुसरी, फक्त झालेले बदल पाठवणं. तुम्हाला दुसरी हवी असली तरी आधी पहिली बसवा आणि ती नीट चालते याची खात्री करा, कारण दुसरी अडखळली की ती पहिलीचाच आधार घेते.

आधी नावं, घड्याळ आणि वाट

सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या अडचणी कर्बेरॉसच्या नसतातच, नावांच्या असतात. प्रत्येक सर्व्हरचं पूर्ण नाव डीएनएसमध्ये हवं, आणि आयपी पत्त्यावरून उलटं शोधलं तरी तेच नाव मिळायला हवं. डेबियन आणि उबंटूमध्ये इन्स्टॉल करतानाच होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ या पत्त्यासमोर मशीनचं नाव लिहिलं जातं. सर्व्हरवर ही ओळ काढा आणि खरा, कायमचा पत्ता लिहा. ती राहिली तर मशीन स्वतःला स्वतःच्याच खोट्या पत्त्याने ओळखतं आणि दुसऱ्या टोकाला पत्ता जुळत नाही.

घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस तिकीट नाकारतो. तिन्ही मशीनवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवा आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग' चालवून वेळ खरंच जुळते आहे ना ते बघा. वीज गेल्यावर जुन्या मशीनचं घड्याळ मागे पडलं असेल, बोर्डावरची बॅटरी संपलेली असेल, तर मशीन चालू होताच लगेच गोंधळ होतो. म्हणून क्रोनी बूटच्या वेळी वेळ एकदम दुरुस्त करेल अशी सेटिंग ठेवा.

फायरवॉलमध्ये मुख्य सर्व्हरकडून दोन्ही दुय्यम सर्व्हरच्या ७५४ टीसीपी पोर्टपर्यंत वाट मोकळी हवी. पुढे बदलच तेवढे पाठवायचे असतील तर उलट दिशेनेही एक पोर्ट लागेल, ते खाली येईलच. दोन कार्यालयांच्या मध्ये नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, नको. साध्या ब्रॉडबँडवर प्रत्येक शाखेचा राउटर पत्ते बदलून पाठवतो, आणि बदललेल्या पत्त्यावर ही देवाणघेवाण अडू शकते. शाखांमध्ये व्हीपीएन टाका आणि सर्व्हरना एकमेकांचे खरे पत्ते दिसतील असं करा.

पायरी १: पॅकेज

डेबियन किंवा उबंटूवर मुख्य सर्व्हरला केआरबी५-केडीसी आणि केआरबी५-ॲडमिन-सर्व्हर ही पॅकेज लागतात. दुय्यमवर केआरबी५-केडीसी आणि केआरबी५-केप्रॉपडी. दुय्यमवर ॲडमिन-सर्व्हरची सेवा चालू राहता कामा नये. रेड हॅट घराण्यात केआरबी५-सर्व्हर या एकाच पॅकेजमध्ये सगळं येतं. तिथे दुय्यमवर सुरू करायच्या सेवेचं नाव नुसतं 'केप्रॉप' आहे, पण तिच्यामागे चालतो तो केप्रॉपडी. या नावामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो: केप्रॉप ही पाठवणारी आज्ञा मुख्य सर्व्हरवर, केप्रॉपडी हा घेणारा प्रोग्रॅम दुय्यमवर.

दुय्यम सर्व्हरवर अजून तिकिटं देणारी सेवा सुरू करू नका. द्यायला डेटाबेसच नाही.

पायरी २: सेटिंगच्या फायली आणि स्टॅश

मुख्य सर्व्हरवरून चार फायली दुय्यमवर जशाच्या तशा न्यायच्या: केआरबी५.कॉन्फ, केडीसी.कॉन्फ, केॲडएम५.एसीएल आणि स्टॅश फाइल. पहिल्या तिन्ही साध्या मजकुराच्या आहेत. चौथीकडे नीट लक्ष द्या.

डेटाबेसमधली प्रत्येक खात्याची की (गुप्त किल्ली) मास्टर कीने बंद, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली असते. प्रत पाठवताना त्या कीज बंद अवस्थेतच जातात, मास्टर की सोबत जात नाही. ती स्टॅश फाइलमध्ये असते आणि एकदाच, हाताने न्यावी लागते. नेली नाही तर कपाट आलं पण किल्ली शिवाजीनगरलाच राहिली अशी गत होते: प्रत यशस्वी दाखवते आणि तिकिटांची सेवा मात्र मास्टर की सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही.

रेड हॅटवर ही फाइल व्हार/कर्बेरॉस/केआरबी५केडीसी या फोल्डरमध्ये 'टिंब के५ टिंब रेल्मचं नाव' अशा नावाने असते. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे नुसत्या 'एलएस'मध्ये ती दिसत नाही आणि तारका वापरून केलेल्या कॉपीतूनही सुटते. डेबियनवर ती ईटीसी/केआरबी५केडीसी या फोल्डरमध्ये 'स्टॅश' नावाने असते. एससीपीने थेट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्या, मालक रूट आणि परवानगी ६०० ठेवा. मेलमधून, व्हॉट्सॲपवरून किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या ड्राइव्हवरून ती कधीही पाठवू नका. ही फाइल आणि डेटाबेसचा डम्प (त्याची अख्खी नक्कल असलेली फाइल) एकाच माणसाच्या हाती पडले, तर संस्थेतली प्रत्येक की त्याच्या हाती पडली असं समजा. रेड हॅटवर कॉपीनंतर 'रिस्टोरकॉन' चालवा, नाहीतर एसईलिनक्सच्या चुकीच्या खुणेमुळे परवानगी बरोबर असूनही फाइल उघडत नाही.

पायरी ३: सर्व्हरच्या स्वतःच्या कीज

प्रत पाठवताना दोन्ही सर्व्हर एकमेकांची ओळख कर्बेरॉसनेच पटवतात. त्यासाठी प्रत्येकाचं 'होस्ट' नावाचं प्रिन्सिपल, म्हणजे कर्बेरॉसमधलं खातं, लागतं. मुख्य सर्व्हरवर केॲडमिन.लोकलमध्ये ॲडप्रिंक आज्ञा रँडकी पर्यायासह तीनदा चालवा आणि होस्ट/केडीसी१.नमुना.इन, तसंच केडीसी२ आणि केडीसी३ ची प्रिन्सिपल बनवा. नाव पूर्ण आणि लहान अक्षरांत.

मग प्रत्येक मशीनची की त्याच मशीनवरच्या कीटॅबमध्ये (कीज साठवणाऱ्या फायलीत) टाका. केडीसी१ वर केॲडमिन.लोकलमध्ये केटीॲड. केडीसी२ वर बसून साधं केॲडमिन उघडा, ॲडमिन खात्याने लॉगिन करा आणि तिथेच केटीॲड करा, म्हणजे की कुठे कॉपी करून न्यावी लागत नाही. अजून दुय्यम सर्व्हर तिकिटं देत नाही, तेव्हा केआरबी५.कॉन्फमध्ये या क्षणी मुख्य सर्व्हरचा पत्ता असायला हवा.

केटीॲड प्रत्येक वेळी नवी की तयार करतं आणि तिचा आवृत्ती क्रमांक एकने वाढतो. म्हणजे 'एकदा करून बघू' म्हणून दुसऱ्या मशीनवर तेच केटीॲड चालवलंत, तर पहिल्या मशीनवरचा कीटॅब त्याच क्षणी निकामी होतो. 'क्लिस्ट उणे के' चालवून कीटॅबमधला क्रमांक बघा, केॲडमिनमध्ये गेटप्रिंक करून डेटाबेसमधला बघा. दोन्ही जुळायला हवेत.

पायरी ४: कोणाकडून प्रत घ्यायची

दुय्यम सर्व्हरवर केप्रॉपडी.एसीएल नावाची छोटी फाइल बनवा. तिच्यात एका ओळीवर एक याप्रमाणे, ज्यांच्याकडून प्रत घ्यायची त्यांची प्रिन्सिपल रेल्मसकट लिहायची. चालण्यापुरती केडीसी१ ची एक ओळ पुरते. तरीही तिन्ही सर्व्हरची नावं तिन्ही मशीनवर लिहून ठेवा. कधी केडीसी२ ला मुख्य करायची वेळ आली तर अडचणीच्या वेळी फायली बदलत बसावं लागत नाही.

इथे दोन एसीएल फायली आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. केॲडएम५.एसीएल सांगते की खात्यांवर कोणता ॲडमिन काय करू शकतो. केप्रॉपडी.एसीएल सांगते की प्रत कोणाकडून घ्यायची. आता केप्रॉपडी सुरू करा.

पायरी ५: पहिली प्रत

मुख्य सर्व्हरवर केडीबी५_युटिलची डम्प आज्ञा चालवा आणि डम्पची फाइल डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये रेप्लिका_डेटाट्रान्स या नावाने ठेवा. जुन्या आवृत्त्यांत याच फाइलचं नाव स्लेव्ह_डेटाट्रान्स होतं. जुनी उदाहरणं वाचताना लक्षात ठेवा. डम्प पूर्ण झाला की त्याच नावापुढे डम्प_ओके जोडलेली एक रिकामी फाइल तयार होते. केप्रॉप तीच बघतो. ती नसेल किंवा डम्पपेक्षा जुनी असेल तर तो पाठवायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे, कारण डिस्क भरल्यामुळे अर्धवट राहिलेला डम्प पुढे जात नाही. ही फाइल हाताने 'टच' करून बनवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डम्प पुन्हा काढा.

मग केप्रॉप उणे एफ, डम्पची फाइल आणि शेवटी केडीसी२ चं पूर्ण नाव. सगळं बरोबर असेल तर त्या सर्व्हरच्या नावापुढे 'सक्सीडेड' असा शब्द येतो. केडीसी३ साठी तेच पुन्हा. काही हजार खात्यांचा डम्प साधारण काही एमबीचा असतो, त्यामुळे व्हीपीएनवरही फार वेळ लागत नाही.

आता दुय्यम सर्व्हरवर केआरबी५केडीसी सुरू करा आणि बूटला आपोआप सुरू होईल असं ठेवा.

पायरी ६: खरी तपासणी

'सक्सीडेड' दिसलं म्हणजे फाइल पोहोचली, एवढंच कळलं. तो सर्व्हर लोकांना तिकिटं देतो आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

एखाद्या साध्या मशीनवर केआरबी५.कॉन्फची वेगळी प्रत बनवा. तिच्यात रेल्मखाली फक्त केडीसी२ चा पत्ता ठेवा आणि डीएनएसमधून केडीसी शोधण्याचं सेटिंग बंद करा. केआरबी५_कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा मार्ग द्या, केआरबी५_ट्रेस मध्ये डेव्ह/एसटीडीआउट द्या आणि केइनिट ही तिकीट मागणारी आज्ञा चालवा. पडद्यावर प्रत्येक विनंती कुठल्या पत्त्याला गेली ते ओळीओळीने दिसतं. पत्ता केडीसी२ चा असेल आणि तिकीट मिळालं असेल तर काम झालं. ट्रेसमध्ये केडीसी१ चा पत्ता दिसला तर तुम्ही दुय्यम सर्व्हर तपासलाच नाही, मुख्यनेच उत्तर दिलं.

पुढची चाचणी बदलाची. मुख्य सर्व्हरवर चाचणीसाठीच ठेवलेल्या एका खात्याचा पासवर्ड बदला, प्रत पाठवा आणि वरच्याच पद्धतीने केडीसी२ कडून नव्या पासवर्डने तिकीट घ्या. मग जुन्या पासवर्डने घेऊन बघा. ते नाकारलं गेलं पाहिजे. हे केडीसी३ साठीही करा.

पायरी ७: वापरणाऱ्यांच्या मशीनना सांगा

प्रत्येक ठिकाणच्या मशीनवर जवळचा सर्व्हर आधी लिहा: हिंजवडीत केडीसी२, मग केडीसी१, मग केडीसी३. ॲडमिन सर्व्हर सगळीकडे केडीसी१. आणि प्रायमरी_केडीसी ही ओळ विसरू नका (जुन्या आवृत्तीत मास्टर_केडीसी), तिच्यातही केडीसी१. डीएनएस वापरत असाल तर हेच काम कर्बेरॉस-मास्टर या नावाची एसआरव्ही नोंद करते.

या ओळीचं महत्त्व असं. हिंजवडीतल्या कोणी पासवर्ड बदलला आणि प्रत यायच्या आत नव्या पासवर्डने लॉगिन केलं, तर केडीसी२ ते चुकीचं ठरवतो, कारण त्याच्याकडे जुनीच की आहे. प्रायमरी_केडीसी लिहिलेलं असेल तर मशीन लगेच केडीसी१ ला पुन्हा विचारतं आणि माणूस आत येतो. नसेल तर हेल्पडेस्कचा फोन वाजतो.

उलट बाजूला मात्र असा इलाज नाही. प्रत येईपर्यंत जुना पासवर्ड केडीसी२ वर चालत राहतो, आणि बंद केलेलं खातंही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद केलंत तर त्याच वेळी हाताने एक प्रत पाठवा. आधीच घेतलेलं तिकीट तरीही मुदत संपेपर्यंत चालतं. एमआयटीत ही मुदत वेगळी ठरवली नसेल तर २४ तासांची असते.

पायरी ८: आपोआप पाठवणं

मुख्य सर्व्हरवर एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहा: आधी डम्प, तो यशस्वी झाला तरच प्रत्येक दुय्यम सर्व्हरसाठी केप्रॉप. सर्व्हरची यादी व्हेरिएबलमध्ये ठेवताना बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका, शेलला ती चालत नाही. ती ठरलेल्या वेळी चालवणाऱ्या क्रॉनमध्ये आज्ञांचा पूर्ण मार्ग लिहा. केप्रॉप बहुतेक वेळा एसबिन फोल्डरमध्ये असतो आणि क्रॉनच्या पाथमध्ये तो नसतो. एक सर्व्हर बंद असेल म्हणून स्क्रिप्टने तिथेच थांबू नये, पुढच्याकडे जावं, आणि अपयश मेलने कळवावं.

किती वेळाने चालवायची? दर तासाला, अशी सुरुवात बरी. पासवर्ड रोज बदलले जात असतील तर १० मिनिटं. त्याहून कमी अंतर हवं असेल तर अख्खा डेटाबेस पुन्हा पुन्हा पाठवण्यापेक्षा दुसरी रीत घ्या.

फक्त बदल पाठवणं

या रीतीत मुख्य सर्व्हर प्रत्येक बदलाला अनुक्रमांक देऊन तो एका नोंदफायलीत लिहितो. दुय्यमवरचा केप्रॉपडी ठरावीक वेळाने विचारतो, 'माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंत आहे, पुढचं द्या.' म्हणजे इथे मागणारा दुय्यम असतो. ही सोय एमआयटीच्या १.७ आवृत्तीपासून आहे.

केडीसी.कॉन्फमध्ये रेल्मखाली, तिन्ही मशीनवर, आयप्रॉप_एनेबल ट्रू करा आणि आयप्रॉप_पोर्टला एक मोकळं पोर्ट द्या. हे पोर्ट स्वतःहून ठरत नाही, लिहावंच लागतं, आणि सगळीकडे एकच हवं. दुय्यमकडून मुख्यच्या या पोर्टपर्यंत फायरवॉल उघडा. ७५४ ची उलट दिशेची वाट बंद करू नका.

प्रत्येक सर्व्हरसाठी केआयप्रॉप/पूर्ण-नाव असं आणखी एक प्रिन्सिपल लागतं आणि त्याची की त्या त्या मशीनच्या कीटॅबमध्ये. मुख्यवरच्या केॲडएम५.एसीएलमध्ये दोन्ही दुय्यम सर्व्हरच्या केआयप्रॉप प्रिन्सिपलना 'पी' हा अधिकार द्या. मग मुख्यवर केॲडमिनडी आणि दुय्यमवर केप्रॉपडी पुन्हा सुरू करा आणि क्रॉनमधली स्क्रिप्ट काढून टाका.

सुरुवातीला दुय्यमकडे क्रमांकच नसतो, म्हणून तो पूर्ण प्रत मागतो. ती केॲडमिनडी स्वतः केप्रॉपने ७५४ वर पाठवतो. आधी केलेल्या सगळ्या पायऱ्या इथे कामाला येतात. विचारण्याचं अंतर स्वतःहून २ मिनिटांचं असतं. आयप्रॉप_रेप्लिका_पोल या ओळीने ते बदलता येतं.

नोंदफायलीत मुळात १००० बदल मावतात. त्यानंतर जुने पुसून नवे लिहिले जातात. रोजच्या कामाला हे पुष्कळ आहे. पण महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत स्क्रिप्टने दोन-तीन हजार विद्यार्थ्यांची खाती एका दमात बनवली, तर दोन मिनिटांच्या आत नोंदी एक फेरा मारून पुढे जातात. दुय्यमला मधले क्रमांक सापडत नाहीत आणि तो पूर्ण प्रत मागतो. दोन्ही शाखा एकाच वेळी मागतात. यात बिघाड काही नाही, पण अशा कामाआधी आयप्रॉप_युलॉगसाइझ वाढवा किंवा खाती टप्प्याटप्प्याने बनवा. पासवर्ड पॉलिसीतला कुठलाही बदल मात्र या वाटेने जातच नाही. पॉलिसी बदलली की सगळ्यांना पूर्ण प्रत जाते. पॉलिसीशी खेळ संध्याकाळी करा.

दोन्ही टोकं जुळली आहेत का ते केप्रॉपलॉग उणे एच सांगतो. मुख्यवर आणि दुय्यमवर तो चालवा आणि शेवटचा अनुक्रमांक व वेळ ताडून बघा. हीच तुलना दर १५ मिनिटांनी करणारी आणि फरक टिकून राहिला तर मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. रस्ता खोदताना फायबर तुटली तर इंटरनेट गेल्याचं सगळ्यांना कळतं; व्हीपीएनचा फक्त एक नियम चुकला आणि प्रत यायची थांबली, तर कोणालाच कळत नाही. दुय्यम जुन्या डेटावर शांतपणे तिकिटं देत राहतो.

नेहमीच्या चुका

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर दुय्यमवर केप्रॉपडी चालू नाही. नुसतंच थांबून टाइमआउट होत असेल तर फायरवॉल.

'डिक्रिप्ट इंटिग्रिटी चेक फेल्ड' म्हणजे बहुधा कीटॅब जुना. कोणीतरी केटीॲड दुसरीकडे चालवलं आहे. त्या मशीनवर पुन्हा केटीॲड करा.

'की टेबल एंट्री नॉट फाउंड' आलं तर की असते, पण दुसऱ्या नावाने. उलट डीएनएस वेगळं नाव देत असतं किंवा कीटॅबमध्ये छोटं नाव गेलेलं असतं. आधी नाव दुरुस्त करा, मग की.

'इनकरेक्ट नेट ॲड्रेस' आलं की नॅट किंवा ती १२७.०.१.१ ची ओळ.

ओळख पटते पण प्रत नाकारली जाते, तेव्हा केप्रॉपडी.एसीएल बघा: रेल्म लिहायचं राहिलं आहे, कॅपिटल चुकलं आहे किंवा फाइल भलत्याच फोल्डरमध्ये आहे. काहीच कळेनासं झालं तर दुय्यमवरची सेवा थांबवून केप्रॉपडी उणे डी असा समोर चालवा. काय घडतं ते तो पडद्यावर लिहीत जातो.

चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकला याची मोजणी कुठल्याच रीतीने पोहोचवली जात नाही. प्रत्येक सर्व्हर आपली आपण मोजतो. पॉलिसीत १० चुकांनंतर कुलूप ठेवलं असेल, तर तीन सर्व्हरवर मिळून ३० प्रयत्न करता येतात. मर्यादा ठरवताना हा गुणाकार धरा. 'मुख्य सर्व्हरवर खातं उघडं दिसतं, पण हिंजवडीत लॉक आहे' ही तक्रारही यातूनच येते. मुख्यवर अनलॉक करा. ते अनलॉक पुढच्या प्रतीबरोबर तिकडे जातं.

चुकून खातं काढून टाकलं तर ते दोन मिनिटांत सगळीकडून जातं. म्हणून रोजचा वेगळा डम्प, तारीख घालून, या तिन्ही सर्व्हरच्या बाहेर ठेवा. स्टॅश फाइलची प्रत त्याच्या शेजारी ठेवू नका.

मुख्य सर्व्हर बदलणं

विसर्जनाच्या दिवशी शहराचा मधला भाग बंद असतो, एरवीही हिंजवडीहून संध्याकाळी शिवाजीनगरला यायला तास-दीड तास सहज जातो. तेव्हा भूमिकांची अदलाबदल घरून, एसएसएचवरून करता आली पाहिजे. ती एकदा शांत दिवशी करून बघा.

दोन्ही सर्व्हर चालू असतील तर क्रम असा. केडीसी१ वर केॲडमिनडी थांबवा, म्हणजे नवे बदल बंद. क्रॉन असेल तर तोही बंद. हाताने शेवटची प्रत पाठवा; बदलांची रीत असेल तर शेवटचे अनुक्रमांक जुळल्याची खात्री करा. मग केडीसी२ वर केप्रॉपडी थांबवून केॲडमिनडी सुरू करा आणि क्रॉन तिथे लावा. ॲडमिन सर्व्हर आणि प्रायमरी_केडीसी या नावांसाठी डीएनएसमध्ये आधीपासून एक टोपणनाव वापरलं असेल, तर फक्त तेच केडीसी२ कडे वळवायचं. प्रत्येक मशीनवरची फाइल बदलायची गरज नाही. केडीसी३ ने आता केडीसी२ कडून प्रत घ्यायची आहे, आणि केप्रॉपडी.एसीएलमध्ये तिन्ही नावं असल्यामुळे तो ती घेतो. बदलांच्या रीतीत केडीसी१ आणि केडीसी३ च्या केआयप्रॉप प्रिन्सिपलना केडीसी२ वरच्या केॲडएम५.एसीएलमध्ये 'पी' अधिकार आहे ना तेही बघा.

केडीसी१ अचानक बंद पडला असेल तर शेवटच्या प्रतीनंतरचे बदल गेले असं धरा. त्या वेळात पासवर्ड बदललेल्यांना जुन्या पासवर्डने यायला सांगा. खरा धोका पुढे आहे. वीज परत येते, केडीसी१ बूट होतो, त्याच्यावरचा केॲडमिनडी आपोआप सुरू होतो आणि आता दोन मुख्य सर्व्हर असतात. दोघेही बदल स्वीकारतात, आणि जुना क्रॉन चालू असेल तर तो जुनाच डेटाबेस केडीसी३ वर पाठवून देतो. म्हणून केडीसी१ चालू करण्याआधी कोणालातरी त्याची नेटवर्कची केबल काढायला सांगा. मशीनसमोर बसून केॲडमिनडी आणि क्रॉन दोन्ही बूटपासून बंद करा, केप्रॉपडी चालू करा, मगच केबल लावा. केडीसी२ कडून त्याच्यावर पूर्ण प्रत येऊ द्या आणि पायरी ६ मधली पासवर्डची चाचणी या वेळी केडीसी१ वर करा. ती पार पडेपर्यंत कोणत्याही मशीनच्या यादीत त्याला पुन्हा घालू नका.